तीन ओळींत बसेल एवढंच

कागद एवढासा होता, औषधाच्या बिलामागे लिहिलेला. धाकट्या भावाने तो काउंटरवर ठेवला, वर बोटांनी दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "आईची ऑर्डर. पितळेची पाटी, मोठ्यातली. सहापर्यंत हवी. आणि गुपित आहे हं दादा, बाबांना पत्ता लागता कामा नये." दादाने हाताला चिकटलेला पितळेचा कीस फडक्याला पुसला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला घेतलं. अक्षर आईचं, हल्लीचं, जरासं थरथरतं. ‘सकाळी तुझ्या भांड्यांचा आवाज आला की मला कळतं, घर जागेवर आहे.’ आणि खाली, ‘तुझाच’. एवढंच. त्याने ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. तो उभ्या उभ्या काउंटरला रेलला.

"हे कुठलं?" त्याने विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"तीच तर गंमत!" धाकटा स्टुलावर ऐसपैस बसला. "आपले बाबा छुपे रुस्तम निघाले. लग्नाच्या सतराव्या वाढदिवसाला म्हणे त्यांनी आईला चिठ्ठी लिहिली होती. चहाच्या डब्यात ठेवली होती. आईने अजून जपून ठेवलीय, पण दाखवत नाही, लाजते. आज संध्याकाळी पाटी सगळ्यांसमोर बाबांच्या हातात द्यायची आणि त्यांनीच मोठ्याने वाचायची, असा तिचा बेत आहे. आणि काय म्हणते माहितीय? त्या दिवशी मी बॅग भरून निघालेच होते, ही चिठ्ठी नसती तर पन्नासावा वाढदिवस कसला नि काय कसला. मी म्हटलं, तू? तू निघणार? कोपऱ्यावरच्या दुकानात जायच्या आधी चार वेळा गॅस बघतेस!" धाकटा खो खो हसला. त्याला केक आणायला जायचं होतं, खुर्च्या सांगायच्या होत्या, हजार कामं होती. जाताना दारातून ओरडला, "तीन ओळींत बसेल ना रे?"

बसणार होतं. न बसायला काय झालं? गेली चोवीस वर्षं तो हेच करत आला होता, लोकांचं मन तीन ओळींत बसवायचं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, एका भिंतीला कप आणि ढाली, दुसरीला दारांवरच्या नावांच्या पाट्या, मध्ये कोरायचं यंत्र. यंत्राच्या एका अंगाला अक्षरांचे साचे ओळीने लावायचे, त्यांच्या खाचांतून एक काडी फिरवायची, की दुसऱ्या अंगाची सुई तेच अक्षर पितळेवर बारीक करून कोरत जायची. काउंटरवर त्यानेच कोरलेली एक पाटी होती: ‘पितळेवर खोडरबर चालत नाही. मजकूर दोनदा वाचून द्या.’ लग्नाच्या वाढदिवसाची गिऱ्हाइकं सगळ्यात अवघड. शाळेच्या कपाला नाव लागतं, दुकानाच्या पाटीला उघडायची वेळ लागते, पण वाढदिवसवाल्यांना सगळंच हवं असतं. परवाच एक निवृत्त कंडक्टर दोन पानं भरून घेऊन आले होते, बायकोसाठी. त्यांना त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, ह्यातलं एकच वाक्य ठेवायचं झालं, तर कुठलं?" कंडक्टरांचे डोळे भरले आणि त्यांनी दुसऱ्या पानाच्या तळाशी, कडेला, घाईत लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. नेहमी असंच होतं. खरं वाक्य कडेलाच असतं. लोक म्हणायचे, अक्षरवाल्या काकांच्या हाताला गुण आहे, नेमकं काढतात. हा गुण आला कुठून ते मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं थोडंच?

आला घरातून. घर दोन खोल्यांचं, आणि त्या दोन खोल्यांत कधी सहा आठवडे तर कधी तीन तीन महिने अबोला. बाबांनी कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा फारसा चढवला नाही. त्यांना एवढं काही करायची गरजच पडत नसे. भाजीत मीठ कमी पडलं, एखादं बटण तुटलं, आई कुणाशी जरा जास्त हसली, की बाबा बोलायचे थांबायचे. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून, आई चार हातांवर उभी असताना, त्याला सांगायचे, "तुझ्या आईला विचार, अक्कल गहाण टाकलीय का." मग तो चार हात चालत जायचा आणि आईला सांगायचा, "बाबा म्हणतात, मीठ जरा कमी झालंय." आईचं उत्तर यायचं, "त्यांना सांग, मी माणूस आहे, भांडं नाही." तो परत चार हात चालायचा. "आई म्हणते, उद्या नीट घालीन." आई-बाबांना एकमेकांचं सगळं ऐकू जात असणारच, खोल्या केवढ्या त्या! पण तिघेही हे नाटक इमानेइतबारे करायचे. सहा-सात वर्षांचा असल्यापासून तो दोघांच्या मधला टपालवाला होता, आणि टपाल फोडून, आतलं बदलून, पुन्हा चिकटवून देणारा टपालवाला होता. नको ते काढायचं, राहील तेवढं ठेवायचं. पुढे पितळेवर जे केलं त्याची शिकवणी तिथेच झाली.

त्याने कपाटातून मोठ्यातली पाटी काढली, वरचा पातळ कागद सोलला आणि ती यंत्रावर घट्ट बसवली. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं, हा त्याचा जुना अनुभव. ‘स’चा साचा लावला, मग ‘क’, मग काना. पण आज डोकं गप्प बसायला तयार नव्हतं. बाबा ही पाटी हातात घेणार. चष्मा पुसणार. पाहुण्यांपुढे, सुनांपुढे, नातवंडांपुढे मोठ्याने वाचणार. आणि मग? मग म्हणणार, "हे कुणी लिहिलंय? मी नाही लिहिलेलं." म्हणणारच! बाबांचा सगळा ताठा त्या एका वाक्यावर उभा होता, मी खोटं बोलत नाही आणि गोड बोलत नाही. कारखान्याच्या गोदामातून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणी बिचाऱ्याने सांगितलं, ह्यांनी एकदा आग लागली तेव्हा जिवावर उदार होऊन माल वाचवला. बाबा हार घातलेले, मधेच उठले आणि म्हणाले, "चूक. त्या दिवशी मी रजेवर होतो." आणि खाली बसले. सगळा हॉल गार. आई शेजारी बसली होती, ती हसली होती, जरा अभिमानानेच. असा माणूस आज, पन्नासाव्या वर्षी, सगळ्यांसमोर, रजेवर होतो म्हणणार. आणि खरोखरच होता. चिठ्ठी बाबांनी लिहिलेलीच नव्हती.

चिठ्ठी त्याने लिहिली होती. पंधरा वर्षांचा होता. शिवणाच्या यंत्राच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली, त्याला एक टाइप केलेलं पत्र सापडलं होतं. दुसऱ्या गावातल्या शिवणकामाच्या शाळेत शिक्षिकेची जागा, राहायला एक खोली, अमुक तारखेला रुजू व्हावे. तारीख लग्नाच्या वाढदिवसाची होती. आईने मुद्दाम तीच धरली होती की आपसूक जुळली होती कोण जाणे! त्या वेळी अबोल्याचा सहावा आठवडा चालू होता. आदल्या दिवशी दारामागे तपकिरी बॅग दिसली, फुगलेली, वर जुनी चादर टाकलेली. कुणाला काही विचारायची टाप नव्हती. आठवतं ते सगळं बारीकसारीक, आणि नेमकं नको तेवढं. त्या संध्याकाळी त्याला शाळेचा चांगला शर्ट, निळ्या रेघांचा, कुठेच सापडेना. दुसरा त्याने स्वतःच धुऊन दोरीवर टाकला, तो वाळला नाही. धाकटा सहा वर्षांचा, दिवसभर फिरकी फिरवत होता. आई त्याच्याकडे एकटक बघत उभी राहायची आणि मग एकदम वळायची. रात्री त्याने वहीचं पान फाडलं. बाबांची सही तो प्रगतिपुस्तकावर दोन वर्षं करत आलाच होता, अक्षरही बसलं होतं, उजवीकडे कललेलं, दाबून काढलेलं. काय लिहायचं? बाबा काय लिहितील ह्याचा विचार केला तर पान कोरंच राहिलं असतं. म्हणून त्याने स्वतःचं लिहिलं. रोज सकाळी डोळे मिटून तो अंथरुणात पडून असायचा आणि स्वयंपाकघरात भांडं वाजेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. भांडं वाजलं की आई आहे. आई आहे म्हणजे सगळं आहे. तेवढंच लिहिलं. ‘आई’ म्हणता येईना म्हणून ‘तुझ्या’ घातलं.

सकाळी सहाला तिने चहाचा डबा उघडला. तो अंथरुणातून एका डोळ्याने बघत होता. तिने पान काढलं, वाचलं, उलटं करून बघितलं, पुन्हा वाचलं. किती वेळ उभी होती देव जाणे! मग भांडं वाजलं. इतक्या जोरात वाजलं की धाकटा दचकून उठला. आणि नशीब बघा कसं, त्या दिवशी बाबा खुर्चीत बसले, चहाचा घोट घेतला आणि सहा आठवड्यांनी पहिल्यांदा थेट आईकडे बघून म्हणाले, "बरा झालाय." का म्हणाले? कोण सांगणार! कदाचित चहाच बरा झाला होता. पण आईचा चेहरा त्याने बघितला आणि त्याला समजलं, लागलं, नेम लागला. ओला शर्ट अंगात घालून तो शाळेत गेला तेव्हा आनंदाने त्याला नीट चालतासुद्धा येत नव्हतं. चार दिवसांनी त्या टाइप केलेल्या पत्राच्या कागदातून आईने कॉलर बेतायचा नमुना कापला. अबोला पुढेही येतच राहिला, कधी महिना, कधी दोन. आई मात्र पुन्हा कधी निघाली नाही.

सुई पितळेवर करकरत होती. पहिली ओळ झाली. ‘सकाळी तुझ्या भांड्यांचा आवाज आला’. त्याने कुंचल्याने कीस झटकला, बोट फिरवलं. अक्षरं सुरेख उतरली होती. आणि तिथे त्याचा हात थांबला तो थांबलाच. इतकी वर्षं त्याने स्वतःला सांगितलं होतं की चिठ्ठीने काय होणार होतं, पोरखेळ तो, आया अशा जात नसतात, ती राहणारच होती. छान समजूत होती, अंगाला बसलेली. आज सकाळी औषधाच्या बिलामागून ती आईच्या हातानेच उसवली गेली. ही चिठ्ठी नसती तर. म्हणजे त्या गावात एक खोली होती, एक शिवणाचा वर्ग होता, रोज माणसासारखं बोलणारी चार माणसं होती, आणि पंधरा वर्षांच्या एका पोराने स्वतःला आई हवी म्हणून त्या सगळ्याला कुलूप घातलं. वर बाबांचं नाव लावून. बाबांना गाठून सांगावं? बाबा, आजच्या दिवस हो म्हणा? ते म्हणतील, खोट्या कागदावर मी सही करत नाही. यंत्र बिघडलं म्हणावं? आई तोंडीच म्हणून दाखवेल, तिला पाठ आहे. दोन वाजून गेले. शेजारचा घड्याळवाला चहा घेऊन डोकावला, "काय काका, तब्येत बरी ना? पांढरे फटक पडलात." त्याने मान हलवली, अर्धवट पाटी फडक्यात गुंडाळली आणि शटर ओढलं.

घरी बाबा त्याच खुर्चीत, म्हणजे खुर्ची तिसरी, पण जागा तीच. मांडीवर वर्तमानपत्र, डाव्या कानात ऐकण्याचं यंत्र, उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. "दुकान बंद?" त्यांनी विचारलं. "जरा काम होतं आईकडे," तो म्हणाला. "आज काय, सगळ्यांना तिच्याकडेच काम," बाबा म्हणाले आणि पान उलटलं. आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसून संध्याकाळसाठी बशा पुसत होती. पुसून एकावर एक ठेवत होती, न वाजवता. केसांना काहीतरी सुवासिक लावलं होतं. त्याच्या हातातलं फडकं बघून ती लहान मुलीसारखी हसली. "झाली? बघू! हळू बोल, ह्यांना कळेल." तिचं ते हसू बघून त्याला वाटलं, मागे फिरावं, उरलेल्या दोन ओळी कोराव्यात आणि संध्याकाळी जे व्हायचं ते होऊ द्यावं. पण फडकं तिने सोडलंसुद्धा होतं. "अगंबाई, अर्धीच?"

"आई," तो म्हणाला. पुढचे शब्द त्याने वाटेवर जुळवून आणले होते, नको ते काढून, राहतील तेवढे ठेवून. त्यातला एकही आठवेना. "ती चिठ्ठी बाबांनी नव्हती लिहिली. मी लिहिली होती."

आई हातातली बशी पुसत राहिली, आधीच लख्ख पुसलेली. बाहेर बाबा खाकरले. मग ती म्हणाली, अगदी सपाट आवाजात, "तू?"

"बाबांचं अक्षर काढलं. त्यांना काहीच माहीत नाही. संध्याकाळी ते सगळ्यांसमोर नाही म्हणतील, म्हणून आलो."

"म्हणून आलास." तिने बशी खाली ठेवली. "म्हणजे ते कधी बोललेच नाहीत."

"आई..."

"थांब. मला बोलू दे. हे आठला उठायचे रे. मी तेव्हा म्हटलं होतं मनाशी, ह्यांना सकाळची भांडी कुठून ऐकू येतात? मग म्हटलं, येत असतील. झोपेचं सोंग घेऊन ऐकत असतील. असतं एकेक माणूस असं, आतल्या गाठीचं. आणि त्या दिवसापासून मी मुद्दाम वाजवत आले. ह्यांना कळावं म्हणून. बोलायचे बंद झाले की जास्त वाजवायची. मला वाटायचं, ऐकतायत. तेहेतीस वर्षं मी त्या एका ओळीला जागले." तिचा आवाज फुटला नाही. फुटला असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती त्याच्याकडे बघत होती आणि त्या बघण्यात राग होता, खरा, आईने मुलावर कधी रागावू नये असा. "एवढासा तू, आणि केवढं केलंस हे!"

"मला भीती वाटली," तो म्हणाला. अठ्ठेचाळीस वर्षांचा, केस पिकलेला माणूस. "तू आम्हाला टाकून जाशील, असं वाटलं. बॅग बघितली होती मी."

"बघितली होतीस?"

"दारामागे. चादर टाकलेली."

"उघडून नाही बघितलीस?"

त्याने मान हलवली. आई बराच वेळ त्याच्या शर्टाकडे बघत राहिली, गळ्यापासून बटणांपर्यंत, लहानपणी शाळेत निघताना बघायची तशी. मग तिने हात पुढे केला आणि त्याची कॉलर सारखी केली. "अरे वेड्या," ती म्हणाली, "तुझा निळ्या रेघांचा शर्ट होता त्यात. वर तुझी भूगोलाची वही आणि धाकट्याचे चार कपडे. माझं काय, एक जोड. शिवणशाळेच्या बाईंना लिहून विचारलं होतं मी, दोन मुलं चालतील का खोलीत. चालतील म्हणाल्या होत्या. सातची गाडी होती. तुम्हाला उठवायचं आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. चहा ठेवावा म्हणून डबा उघडला."

बाहेरून बाबांचा आवाज आला, "काय कुजबुज चाललीय आत? तुझ्या आईला म्हणावं, चार वाजायला आले, चहाचं बघ."

त्याचे पाय वळले. सवयीने तोंड उघडलं, आई, बाबा म्हणतायत. आईने त्याच्या छातीवर हात टेकवून त्याला थांबवलं. "तू नको," ती म्हणाली. "आता तू कुणाचं काही कुणाला सांगायचं नाहीस. बस इथे." तिने पदराशी बांधलेला किल्ल्यांचा जुडगा सोडला, फडताळातल्या कुलपाच्या डबीतून घडीघडीला झिजलेलं वहीचं पान काढलं, त्याच्या हातात दिलं आणि ती चार हात चालत बाहेरच्या खोलीत गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "अहो," आई म्हणत होती, मोठ्याने, बाबांच्या ऐकू येणाऱ्या कानाशी, "ते वर्तमानपत्र ठेवा खाली. आज पाटीबिटी काही नाही. मला तुमच्याशी बोलायचंय. समोरासमोर."

बाबा काय म्हणाले ते त्याला ऐकू आलं नाही. तो स्वयंपाकघरात बशांच्या उतरंडीशेजारी बसून राहिला, मांडीवर एका ओळीची पाटी, मुठीत ते पान. बशा पुसून झाल्या होत्या, भांडी जागच्या जागी होती, काहीच वाजत नव्हतं. पाठीला ओला शर्ट चिकटलाय असं त्याला सारखं वाटत होतं. त्याने दोनदा हात मागे नेऊन बघितलं. शर्ट कोरडा होता.